समीकरण म्हणजे समता : शाब्दिक उदाहरणे कशी सोडवावीत?



विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर किंवा धम्मदीक्षेवर काही यावे, अशीच त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही पूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र बीजगणितावर लिहिण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. गणिताचे शिक्षक एक आणि वर्ग अनेक, अशी अडचण उभी राहिल्यामुळे गेली काही वर्षे सायंकाळच्या अभ्यासिकेतील सातवी ते नववीचे गणित आमच्याकडे आले आहे. आरंभी आम्हांला ते जड गेले. पण एक लाभ झाला. आपण स्वतः जिथे अडलो, त्या जागा शिकविताना विसरता येत नाहीत. त्याच जागा येथे मांडाव्यात, म्हणजे मुलांना व घरी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना त्या उपयोगी पडतील, असे आम्हांला वाटते.

गणित आणि आपला समाज यांच्या नात्याविषयी एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. एके दिवशी शिक्षकांनी उदाहरण सोडविण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलाविले. त्याबरोबर वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्यापूर्वी ते डबे उचलण्यासाठी मुले धावली. डबे दूर झाल्यावर भीमरावांना फळ्याला हात लावता आला. चरित्रकारांनी नोंदविलेला हा प्रसंग आपण सभांतून पुष्कळदा ऐकतो, आणि डब्यांपाशीच थांबतो. आम्ही मुलांना पुढचा प्रश्न विचारतो. फळ्यापर्यंतची वाट आता मोकळी आहे, खडू हातात आहे. मग फळ्यावर लिहायचे काय?

समीकरण म्हणजे काय?

लालबागच्या मसाला बाजारात जुन्या पद्धतीचा, दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर आणावा. डाव्या पारड्यात हळदीच्या सारख्या वजनाच्या तीन पुड्या आणि २०० ग्रॅमचे एक वजन आहे. उजव्या पारड्यात २ किलोचे, म्हणजे २००० ग्रॅमचे वजन आहे. काटा बरोबर मध्यावर आहे. तर एका पुडीचे वजन किती?

पुडीचे वजन आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला तात्पुरते नाव देऊ : क्ष. आता तराजू जे सांगतो, ते कागदावर असे उतरते :

३क्ष + २०० = २०००

हे समीकरण. मधले ‘=’ हे चिन्ह म्हणजे तराजूचा काटा. पुष्कळ मुले या चिन्हाचा अर्थ ‘उत्तर पुढे लिहा’ असा घेतात, कारण पहिलीपासून त्यांनी ५ + ३ = असे लिहून पुढे ८ मांडलेले असतात. बीजगणितातील पहिला अडथळा हाच. येथे ‘=’ म्हणजे ‘दोन्ही बाजूंचे मोल सारखे आहे’ हे विधान. हे चिन्ह प्रथम वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये छापील ग्रंथात वापरले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांहून अधिक समान असे दुसरे काय असू शकते, हा त्यामागील त्याचा विचार होता. आपल्या भाषेतील ‘समीकरण’ या शब्दातही ‘सम’ आहे. समतेची भाषा ज्यांच्या घरात रोज बोलली जाते, त्या मुलांना हा अर्थ चटकन उमगतो, असा आमचा अनुभव आहे.

आता डाव्या पारड्यातून २०० ग्रॅम काढले, तर काटा ढळेल. तो ढळू नये म्हणून उजवीकडूनही तेवढेच काढले पाहिजेत.

३क्ष + २०० − २०० = २००० − २००
३क्ष = १८००

तीन पुड्या मिळून १८०० ग्रॅम. दोन्ही बाजूंना ३ ने भागू.

क्ष = ६००

एक पुडी ६०० ग्रॅमची. पटते का, ते पाहू : ३ × ६०० + २०० = १८०० + २०० = २०००. काटा मध्यावर आहे.

समीकरण सोडविण्याचा सारा नियम एवढाच आहे : एका बाजूला जे कराल, तेच दुसऱ्या बाजूलाही करा. मिळवा, वजा करा, गुणा किंवा शून्याखेरीज कोणत्याही संख्येने भागा. दोन्हींकडे सारखेच करा. आणि हे सर्व कशासाठी? क्ष एका बाजूला एकटा उरावा यासाठी. त्याच्याशी जे जोडलेले असेल, ते उलट क्रियेने सोडवायचे. मिळविलेले असेल तर वजा करायचे, गुणलेले असेल तर भागायचे.

‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते’

हा साधा नियम वर्गात फार लवकर एका मंत्रात रूपांतरित होतो : ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते.’ अधिकाचे उणे होते, गुणिले असेल तर भागिले होते. हा मंत्र पाठ केला की उत्तरे येऊ लागतात, म्हणून शिक्षकही समाधानी आणि पालकही समाधानी. पण का बदलते, हे ठाऊक नसलेल्या मुलाची गत काय होते, ते पाहा. त्याच्यासमोर

३क्ष = १२

असे येते. तो विचार करतो, ‘३ पलीकडे न्यायचे, चिन्ह बदलायचे,’ आणि लिहितो : क्ष = १२ − ३ = ९. मंत्र तर त्याने पाळला, पण उत्तर चुकले. ९ च्या तिप्पट २७ होतात, १२ नव्हेत. ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष; म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायला हवे होते आणि क्ष = ४ यायला हवा होता.

खरे तर ‘=’ च्या पलीकडे काहीच उडी मारून जात नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते आणि एका बाजूचा भाग नाहीसा होतो. त्यामुळे तो पलीकडे गेल्यासारखा भासतो, एवढेच. कारण न विचारता पाळलेल्या आचाराला आपण कर्मकांड म्हणतो. बाहेरचे कर्मकांड आपण नाकारले. ते वहीत शिरू द्यायचे नसेल, तर निदान पहिले वर्षभर तरी मुलांनी ‘दोन्ही बाजूंतून अमुक वजा करून’ असे शब्दांत लिहिलेच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. पुढे हात बसल्यावर पायऱ्या गाळल्या तरी चालतात.

अव्यक्ताचा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकाने येथे थोडे रेंगाळणे क्षम्य मानावे. माहीत नसलेल्या संख्येला नाव देऊन, ती माहीत असल्यासारखे तिच्याशी व्यवहार करणे, ही मानवी बुद्धीची फार मोठी झेप आहे, आणि ती कोणा एका देशाची अथवा वर्णाची मिरासदारी नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात अशा उदाहरणाचा नियम आहे. तो आपल्या शब्दांत असा मांडता येईल. दोन माणसांची मालमत्ता समान आहे. पहिल्याकडे सारख्या रकमेची ५ पाकिटे व सुटे ४०० रुपये आहेत. दुसऱ्याकडे तशीच ३ पाकिटे व सुटे १००० रुपये आहेत. पाकिटात किती?

५क्ष + ४०० = ३क्ष + १०००

दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा करून : २क्ष + ४०० = १०००
दोन्ही बाजूंतून ४०० वजा करून : २क्ष = ६००
दोन्ही बाजूंना २ ने भागून : क्ष = ३००

पहिल्याकडे १५०० + ४०० = १९०० आणि दुसऱ्याकडे ९०० + १००० = १९००. आर्यभटाचा नियमही हेच सांगतो : सुट्या रकमांच्या फरकाला अज्ञात वस्तूंच्या संख्येतील फरकाने भागावे, म्हणजे ६०० ÷ २.

पुढे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. अज्ञात संख्येला हे गणिती ‘अव्यक्त’ म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ आणि त्यापुढील अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी याने लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘अल्-जब्र’ हा शब्द होता; त्यावरूनच इंग्रजीतील ‘अल्जिब्रा’ आला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे बीजगणिताची पाठशाळा महाराष्ट्राच्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी होती. तिच्या दारातून आत जाण्याचा अधिकार मात्र आपल्या पूर्वजांना नव्हता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे सांगताना त्यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या बरोबरीने हिशेबाचाही उल्लेख केला आहे. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलाला हिशेब का आला पाहिजे, हे जोतीरावांना पक्के ठाऊक होते. बाबासाहेबांनी तर रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहून १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळविली. फळ्याकडे जाताना ज्यांच्यासाठी डबे हलविले गेले, त्यांनी देशाच्या चलनाचा हिशेब मांडला.

शब्दांकडून समीकरणाकडे

समीकरण तयार दिले, तर आमची बहुतेक मुले ते सोडवितात. शाब्दिक उदाहरण आले की पेन्सिल थांबते. परीक्षेच्या काळात एका विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले, “सर, गणित येतं, पण मराठी अडतं.” तिचे म्हणणे अगदी खरे होते. शाब्दिक उदाहरण म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेला अनुवादच होय. म्हणून मराठीतील कोणता शब्द गणितात काय होतो, हे आधी ठरवून घ्यावे.

‘आहे’, ‘होतात’, ‘इतके’, ‘मिळून’ हे शब्द बहुधा ‘=’ कडे नेतात. ‘पट’ म्हणजे गुणाकार. ‘पेक्षा ५ ने जास्त’ म्हणजे + ५, आणि ‘पेक्षा ५ ने कमी’ म्हणजे − ५. पण येथे क्रमाचा घोटाळा होतो. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ याचे समीकरणात क्ष − ५ होते. घाईत ५ − क्ष लिहिले जाते. कमी कोणापासून करायचे, हे ‘पेक्षा’ ज्याला चिकटले आहे त्यावरून ठरते.

ही दोन वाक्ये पाहावीत :

‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ : २क्ष − ३
‘एका संख्येतून ३ कमी करून येणाऱ्या संख्येची दुप्पट’ : २(क्ष − ३), म्हणजे २क्ष − ६

शब्द जवळजवळ तेच; क्रम बदलला आणि उत्तर बदलले. आधी कोणती क्रिया आणि नंतर कोणती, हे मराठी वाक्य हळू वाचले तरच कळते.

आणखी एक जागा अशी आहे की, तेथे मोठी माणसेही फसतात. ‘वसतिगृहातील मुलांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या तीस पट आहे.’ मुलांची संख्या म आणि शिक्षकांची संख्या श मानू. वर्गातील पुष्कळ हात लिहितात : ३०म = श. वाक्यात ‘मुले’ आणि ‘तीस’ एकत्र ऐकू आले, म्हणून ते एकत्र लिहिले गेले. आता पडताळू. शिक्षक ४ असतील, तर मुले १२० असली पाहिजेत. ३० × १२० म्हणजे ३६००. तेवढे शिक्षक कोठून येणार? जी संख्या लहान आहे, तिला तीसने गुणले तरच ती मोठीच्या बरोबरीला येते. म्हणून योग्य समीकरण : म = ३०श. अक्षरे ही वस्तूंची लघुरूपे नसून संख्यांची नावे आहेत, हे लक्षात ठेवले म्हणजे ही चूक होत नाही.

सोडविण्याच्या पायऱ्या आम्ही पाच सांगतो. उदाहरण दोनदा वाचावे. काय काढायचे आहे ते पाहून त्याला क्ष मानावे आणि ‘क्ष = अमुक’ असे पूर्ण वाक्य लिहावे. उरलेल्या गोष्टी क्ष च्या भाषेत लिहाव्यात. कोणत्या दोन गोष्टी समान आहेत ते शोधून समीकरण मांडावे. ते सोडवून, आलेले उत्तर मूळ वाक्यात घालून पाहावे.

तीन उदाहरणे

पहिले. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपण शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दुकानांकडे वळतो. एका मुलीने ५०० रुपयांत १२ पुस्तके घेतली. काही पुस्तके ३० रुपयांची, तर उरलेली ५० रुपयांची होती. प्रत्येक प्रकारची किती घेतली?

३० रुपयांची पुस्तके क्ष मानू. एकूण बारा असल्याने ५० रुपयांची पुस्तके १२ − क्ष. येथे मुले दुसऱ्या प्रकाराला नवे अक्षर देऊ पाहतात. तसेही करता येते, पण मग दोन समीकरणे लागतात. ‘एकूण’ ठाऊक असेल, तर उरलेले वजाबाकीने लिहावे.

३०क्ष + ५०(१२ − क्ष) = ५००
३०क्ष + ६०० − ५०क्ष = ५००
६०० − २०क्ष = ५००
२०क्ष = १००
क्ष = ५

३० रुपयांची ५ आणि ५० रुपयांची ७. ताळा : १५० + ३५० = ५००.

दुसरे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा आणि त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांचा १९१२ चा. कोणत्या वर्षी पित्याचे वय पुत्राच्या वयाच्या दुप्पट होते? महिने बाजूला ठेवून केवळ सनांची वजाबाकी करू. ते वर्ष क्ष मानल्यास बाबासाहेबांचे वय क्ष − १८९१ आणि यशवंतरावांचे क्ष − १९१२.

क्ष − १८९१ = २(क्ष − १९१२)
क्ष − १८९१ = २क्ष − ३८२४
३८२४ − १८९१ = २क्ष − क्ष
क्ष = १९३३

१९३३ मध्ये पिता ४२ वर्षांचे आणि पुत्र २१ वर्षांचे. हे उदाहरण आम्ही इतिहासाच्या तासालाही देतो. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे पडले होते, आणि येवल्याची घोषणा अजून दोन वर्षे पुढे होती. सन केवळ पाठ करण्यापेक्षा असा शोधून काढलेला सन मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

तिसरे. स्मरणिका छापावयाची आहे. गिरगावातील एक छापखाना जुळणीचे ३००० रुपये वेगळे घेतो आणि पुढे प्रतीमागे ४० रुपये. दुसरा वेगळे काही घेत नाही, पण प्रतीमागे ५५ रुपये लावतो. काम कोणाला द्यावे? याचे उत्तर किती प्रती हव्यात यावर अवलंबून आहे. म्हणून दोघांचा खर्च किती प्रतींना सारखा येतो, ते आधी काढावे.

३००० + ४०क्ष = ५५क्ष
३००० = १५क्ष
क्ष = २००

२०० प्रतींना दोघांचाही खर्च ११००० रुपये. त्याहून कमी प्रती हव्या असतील, तर दुसरा छापखाना स्वस्त; अधिक हव्या असतील, तर पहिला. जयंती उत्सव समितीच्या बैठकीत अशा प्रश्नावर तासभर वाद होतात. हे समीकरण चार ओळींचे आहे. (आकडे अर्थातच उदाहरणापुरते आहेत.)

मजुरी आणि व्याज

परळ-लालबाग हा गिरण्यांचा मुलूख. या गिरण्यांतून आपली माणसे हजारोंनी राबली, पण अधिक मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचे सूत इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. आज त्या गिरण्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या आहेत, पण नगावर मजुरी घेणारी माणसे त्याच गल्ल्यांतून आहेत. समजा, शिवणकाम करणाऱ्या एका बाईला दिवसाचे ठरलेले १५० रुपये आणि नगामागे १२ रुपये मिळतात. एका दिवशी तिच्या हातात ३९० रुपये पडले.

१५० + १२क्ष = ३९०
१२क्ष = २४०
क्ष = २०

म्हणजे तिचे २० नग धरले गेले. तिने २४ शिवले असतील, तर ४ नगांचे ४८ रुपये कोठे गेले, हे ती विचारू शकते. आकड्याने विचारलेल्या प्रश्नाला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

व्याजाचे तसेच आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या पठाणाच्या व्याजाच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकल्या आहेत. रुपयाला महिन्याकाठी एक आणा. ऐकायला एक आणा म्हणजे काहीच नाही. पण रुपयाचे आणे सोळा आणि वर्षाचे महिने बारा. १६ आण्यांवर वर्षाला १२ आणे व्याज, तर १०० वर किती?

क्ष ÷ १०० = १२ ÷ १६
क्ष = ७५

दरसाल दरशेकडा ७५!

आणे गेले, पण रीत गेली नाही. काही वर्षांपूर्वी व्याजाची उदाहरणे चालू असताना आमची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिच्या आईने घराजवळच्या एका माणसाकडून १०००० रुपये घेतले होते. दर महिना १० टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून हाती ९००० दिले होते. महिनाअखेर १०००० द्यायचे; नाही जमले, तर १००० द्यायचे आणि कर्ज महिनाभर पुढे ढकलायचे. “सर, हे दहा टक्केच ना?” एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही खडू तिच्या हाती दिला.

हाती आले ९०००. त्यावर महिन्याला १००० द्यायचे. खरा दर क्ष टक्के मानल्यास

९००० × क्ष ÷ १०० = १०००
९०क्ष = १०००
क्ष = ११ १/९

दहा नव्हे, अकराहून अधिक. मग तिनेच पुढचा प्रश्न मांडला. दरमहा १००० देत राहिल्यास, हाती आलेले ९००० किती महिन्यांत परत जातील?

१०००क्ष = ९०००
क्ष = ९

नऊ महिन्यांत सारे पैसे परत. आणि तरीही मुद्दल १०००० जसेच्या तसे उभे. ती फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आईने अकरा महिने दिलेत.”

त्यानंतर काय झाले, ते थोडक्यात सांगतो. वही घेऊन ती घरी गेली. आईने वस्तीतील बचत गटाकडे अर्ज केला, गटाच्या पैशांतून मुद्दल फेडले, आणि गटाचे हप्ते पुढे वर्षभर भरले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, हेही त्या माउलीला प्रथमच कळले. कायदा होता, पण आपण किती देतो आहोत, हे कळल्याशिवाय कायद्याच्या दारापर्यंत कोणी जात नाही.

ताळा

प्रत्येक उदाहरणाअखेर आम्ही ताळा पाहिला, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. परीक्षेत त्याला वेगळे गुण नसतात, म्हणून मुले तो गाळतात. आम्ही त्यांना केसपुत्त गावच्या कालामांची आठवण देतो. अंगुत्तर निकायातील त्या सुत्तात तथागतांनी सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पडताळून पाहा. धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हणतात, तेही याचसाठी : या आणि पाहा. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापले आहे किंवा सरांनी सांगितले आहे, म्हणून ते बरोबर ठरत नाही. मूळ समीकरणात घातल्यावर दोन्ही बाजू समान आल्या, तरच ते बरोबर. येथे सातवीतील मुलगी आणि विद्यापीठातील प्राध्यापक यांच्यासाठी कसोटी एकच आहे.

आमचीही चूक मुलांनी अशीच पकडली आहे. एकदा कंस सोडविताना आम्ही फळ्यावर उणे चिन्ह विसरलो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ताळा घेतला आणि उभा राहून म्हणाला, “सर, बाजू समान येत नाहीत.” आम्ही फळा पुसून पुन्हा मांडले. त्या दिवशी आम्हांला संकोच वाटला नाही. उलट आपले शिकविणे काही अंशी सफल झाले, असे वाटले.

पालकांना शेवटी एवढीच विनंती. मूल शाब्दिक उदाहरणापाशी अडले, तर ‘तुला गणित जमत नाही’ असे म्हणू नये. उदाहरण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि विचारावे : यात काय माहीत नाही? आणि काय काय समान आहे? घरातील विजेचे बिल, वाण्याची वही, गटाचे हप्ते त्याच्यापुढे ठेवावेत. आपल्या मुलांसाठी बीजगणिताचा सराव त्याच कागदांत आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.